किनवटला स्वस्त पडतं

किनवट,
सोमवार, १ जुलै २००२

चि. भुजंग यास,

सिंधुअक्काचे आशीर्वाद. श्रद्धालाही सांग, आणि आलोकचा पापा घे. इकडे आम्ही ठीक आहोत. सासूबाई मागच्या आठवड्यात लोह्याहून येऊन गेल्या. गुडघे आणि डोळे सोडले तर त्यांचं बाकी सगळं जागेवर आहे. वर्षाराणीला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले हे तुला कळवलं होतं, आणि लातूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं हेही. बारा तारखेपर्यंत पैसे भरून प्रवेश घ्यायचा आहे. नाही घेतला तर जागा पुढच्या मुलीला जाते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण राग आवरत नव्हता. राग अजून तसाच आहे, पण टपाल काढायला हवं म्हणून बसले.

मी तुला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. वर्षाराणीला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवशील का, एवढंच विचारलं होतं. त्याला हो किंवा नाही म्हणायचं. तू पाच पानं पाठवलीस, तीही 'मातृपितृ छाया मुलींचे वसतिगृह' असं वर छापलेल्या कागदावर. कुठल्या गावात सुखानं राहायला किती पैसा लागतो याचा तक्ताच करून दिलास. लातुरात तुम्हा तिघांना चौदा हजार. किनवटला आम्हा तिघांना तीन हजार. लोह्याकडे खेड्यात सासूबाईंना एकटीला पाचशे. आणि शेवटी काय लिहिलंस? 'अक्का, दाजींच्या हातात चार हजार शंभर पडतात, म्हणजे तुमच्याकडे दरमहा सहाशे उरतात. माझ्याकडे काहीच उरत नाही. खऱ्या अर्थानं सुखी तुम्ही आहात.'

पत्र आलं तेव्हा यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट म्हणाले, "बघ, कसं बारीक बारीक लिहिलंय भुजंगरावानं. शिकलेल्या माणसाचं असं असतंय. आपलं बरं हाय की मग."

वर्षाराणी भाकरी खात होती. ती म्हणाली, "इतकं स्वस्त हाय तर मामाच का येत न्हाई इकडं राहायला?"

"गप बैस," हे म्हणाले. पोरीनं माझ्या तोंडातलं काढून घेतलं होतं.

आता तुझा तक्ता माझ्यासमोर आहे. किनवटच्या रकान्यात तू डॉक्टरचे पन्नास रुपये धरलेस. ते बरोबर आहेत. इथल्या दवाखान्यात गोळीच मिळते, ती पन्नासच्या वर जातच नाही. पण गेल्या भादव्यात वर्षाराणीला ताप चढला आणि उतरेना, तेव्हा जीप करून नांदेडला न्यावं लागलं. त्या चार दिवसांत अर्धा पगार गेला. तो कुठे आहे तुझ्या तक्त्यात? ट्यूशनसमोर तू शून्य लिहिलंस. शून्यच आहे बाबा, कारण इथे ट्यूशनच नाही. गणिताचे सर दोन वर्षांपूर्वी बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कुणी आलं नाही. पोरगी एकटी पुस्तक समोर धरून गणितं सोडवत बसली, आणि तिचे अठ्ठ्याऐंशी टक्के तू स्वस्तात धरलेस. 'सरपण जंगलातून फुकट' असं लिहिलंस. एकदा ये आणि आण बरं फुकट मोळी. फॉरेस्टचा गार्ड वाटेत उभाच असतो.

सासूबाईंचे पाचशे वाचून तर हसावं की रडावं कळेना. म्हातारी सकाळी दोन भाकरी करते आणि त्यातलीच एक रात्री खाते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. शिबिर कधी येतं त्याची वाट पाहत दोन वर्षं गेली. असं जगलं तर पाचशेत महिना निघतो. जिथं काही मिळतच नाही तिथं खर्च कमी येणार, त्याला सुख म्हणायचं असेल तर आमच्या सासूबाई राजराणी आहेत. ज्याचं जळतं त्याला कळतं, तू तक्ते कर.

तुझ्या लातूरच्या रकान्यातही मी नजर घातली. आलोकची इंग्रजी शाळा, पेट्रोल, फोन, दोन लिटर दूध, हे सगळं समजलं. पण 'पाहुणेरावळे, एक हजार' हे समजलं नाही. मी तुझ्या घरी शेवटची जेवले ती तीन वर्षांपूर्वी, वास्तुशांतीला. आमच्याकडचं दुसरं कुणी तिकडे फिरकत नाही. कोण येतं तुझ्याकडे हजार रुपयांचं खायला? आणि त्याखाली 'चारचौघांत राहायचे म्हणून, पंधराशे.' मी बावीस वर्षं संसार करते आहे, पण चारचौघांत राहायला वेगळे पैसे पडतात हे मला आजच कळलं. आमच्याकडे चारचौघं ओट्यावर येऊन बसतात, चहा पितात आणि जातात.

आणि एवढा तक्ता केलास तर जमेची बाजू लिहायला तुझी शाई संपली होती का? तुझ्या वसतिगृहात अठरा खोल्या, खोलीत तीन कॉट, कॉटला साडेचारशे. मी मॅट्रिक झालेली आहे, गुणाकार मला येतो. चोवीस हजार तीनशे होतात. मेसचे वेगळे. लातूर पॅटर्नचा गाजावाजा झाला, गावोगावच्या पोरी बोर्डात यायला लातूरला धावल्या आणि तुझ्या खोल्या भरल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली होती. भाऊ मोठा झाला तर बहिणीला आनंदच होतो. पण माझ्याकडे काहीच उरत नाही, असं मला लिहू नकोस.

मग पाचव्या पानावर आलास मुद्द्यावर. 'बाहेरच्या मुलींना साडेचारशे, वर्षाराणी घरचीच, तिला चारशे. मेसचे साडेसातशे. दोन महिन्यांचे भाडे आगाऊ.' पन्नास रुपयांचं मामापण केलंस, भुजंग. तुझ्या पद्धतीनं मीही मांडून पाहिलं. राहणं-जेवण साडेअकराशे, क्लासचे वर्षाचे चौदा हजार म्हणजे महिन्याला पावणेबाराशेच्या आसपास. उरतात सतराशे-अठराशे. त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. वह्या, पुस्तकं, जाण्यायेण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही.

तुझं घर वेगळं, वरच्या मजल्यावर, चार खोल्यांचं. त्यात तिला एक कोपरा देता आला असता. तू तिला खालची कॉट दिलीस आणि तिचा दर लिहिलास.

तुला आठवण करून द्यावी लागते याची मला लाज वाटते. त्र्याण्णव साली विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला आणि आपल्या घरातून तिघं गेली. तू लातूरला होस्टेलात होतास म्हणून वाचलास, मी इकडे होते म्हणून वाचले. तू तेव्हा बावीस वर्षांचा. दगड उपसून उपसून तुझी नखं गेली होती, तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब मीच घातला. महिन्या-दीड महिन्यानं तहसीलच्या पत्र्याच्या शेडमध्ये कागद झाले. बापूंच्या सात एकरांवरचा हक्क मी सोडला. आपल्याकडे बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं साडीचोळी करायची, ही रीतच आहे. त्यात मी जगावेगळं काही केलं नाही. सही केली नसती तर माहेर तोडलं म्हणून बायकांनी मलाच नावं ठेवली असती. माहेरात उरला होता तू एकटा. तू औशाच्या बाजारातून साडी आणलीस आणि त्या शेडमध्येच माझ्या ओटीत घातलीस. ती साडी मी नेसले, रंग गेल्यावर तिची गोधडी केली. साडी चांगली होती, साडीला मी काही म्हणत नाही.

त्या दिवशी मी दोन कागदांवर सह्या केल्या. दुसऱ्या कागदाचं मला लिहायचं नाही.

तेव्हा तू काय बोललास ते मात्र लिहिते. 'अक्का, वर्षाराणीचं शिक्षण माझा जिम्मा. ती लातुरात माझ्या घरी राहील, माझ्या ताटात जेवेल.' मी मागितलं नव्हतं. तू आपल्या तोंडानं बोललास. वर्षाराणी तेव्हा सात वर्षांची होती, माझ्या मांडीला टेकून उभी होती. तिला ते आठवतं. तिनं परवा मला विचारलं, 'आई, मामा विसरला का?' मी तिला म्हटलं, मामाला फुरसत नसते.

हे शाळेतून येण्याची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहीन.

मंगळवार, २ जुलै

काल लिहिणं थांबवलं आणि हे आलेच. पायजम्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"हेडमास्तरला बुधवारी देतो," म्हणाले.

"काय हाय ते?"

"राजीनामा. दाखलेवाल्या बाबूकडून लिहून घेतला."

तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट मी काल मुद्दामच टाळली होती. तू लिहिलं होतंस, 'दाजींनी तिकडची नोकरी सोडून आमची मेस सांभाळली तर महिना अडीच हजार, दोघांचे जेवण, आणि वर्षाराणीची कॉट फुकट. सगळे एका जागी राहाल.' मला वाटलं, हे ते वाचून सोडून देतील. आश्रमशाळेतली स्वयंपाक्याची पक्की नोकरी, एकोणीस वर्षं झालेली, कोण सोडतं? तुझा आचारी मे महिन्यात पळाला हे तुझ्या मेसला जेवणाऱ्या गावाकडच्या पोरींकडून मला आधीच कळलं होतं. आचारी गेला तेव्हा तुला दाजी आठवले.

"अन् पेन्शन?" मी विचारलं.

"पेन्शन मला म्हातारपणी. पोरीचं आत्ता हाय. बारा तारीख काय थांबती व्हय?"

"मेव्हण्याच्या दारात आचारी म्हणून राहणार तुम्ही?"

"त्यात काय झालं? हितं दोनशे पोरांचं रांधतो, तिथं चोपन्न पोरींचं. काम उलट कमीच. अन् वास्तुशांतीला न्हाई का रांधलं म्या? घरचंच हाय की ते."

घरचंच आहे म्हणाले, भुजंग. ते ऐकून मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तुला ती वास्तुशांत आठवते? यांनी आदल्या दिवसापासून तीनशे पानांचा स्वयंपाक केला. बुंदी पाडताना हात भाजला, त्याचा डाग अजून आहे. तू चारचौघांत सांगत होतास, 'आमच्या दाजींच्या हाताला चव आहे.' यांना किती बरं वाटलं होतं. परतीच्या गाडीत नांदेडपर्यंत तेच बोलत होते. मी खिडकीबाहेर पाहत बसले होते, कारण मला माहीत होतं आणि यांना माहीत नव्हतं.

आता दुसऱ्या कागदाचं लिहिते. लिहायचं नव्हतं, पण आता ते गिळून बसता येत नाही.

माझा सत्यम चार वर्षांचा होता. गौरी-गणपतीला तू त्याला आपल्या घरी, आई-बापूंकडे घेऊन गेलास. एसटीत तुझ्या मांडीवर उभा राहून मला हात करत होता. 'विसर्जन झालं की आणून सोडतो,' म्हणालास. मग तुझी परीक्षा आली, तू लातूरला गेलास आणि रविवारी सोडतो असा निरोप धाडलास. गुरुवारी पहाटे सगळं संपलं. याचा दोष मी तुला तेव्हा दिला नाही आणि आजही देत नाही. रविवारच्या जागी बुधवार असता तर, असं माझ्या मनात येतं. पण भूकंप तू केला नाहीस.

तलाठ्यानं गेलेल्या माणसांची घरवार यादी केली. आपल्या घरासमोर तीन नावं होती. आई, बापू आणि सत्यम. साहेब म्हणाले, लेकराच्या मदतीची सरकारी रक्कम त्याच्या आईबापाला मिळेल. तू मला शेडच्या मागे नेलंस आणि माझे पाय धरलेस. 'अक्का, मला उभं राहायला आधार नाही,' म्हणालास. मी कागद पुढे ओढला आणि आई म्हणून सही केली, ही रक्कम माझ्या भावाला द्यावी, माझी हरकत नाही. उपकार म्हणून केली नाही. मला त्या पैशाला हातच लावायचा नव्हता. त्या पैशातून मी काय आणलं असतं, मीठ की चप्पल? कुणीतरी ते माझ्या डोळ्यांपुढून उचलून न्यावेत असं वाटत होतं. तू नेलेस. त्या घडीला तुझेच उपकार वाटले मला.

यांना मी सांगितलं नाही. हे तेव्हा तापानं पडून होते, शेडपर्यंत आले नव्हते. घरी आल्यावर एकदाच विचारलं, "पोराचं नाव निघालं का यादीत?" मी म्हणाले, त्याचं नाव किनवटच्या रेशनकार्डावर, म्हणून तिथं धरलं नाही. हे म्हणाले, "बरं झालं. पोराचे पैसे मोडून खायची येळ देवानं आणली न्हाई." पुन्हा तो विषय काढला नाही. नऊ वर्षं होत आली. मी या साध्या माणसाशी खोटं बोलले. तुझ्यासाठी बोलले आणि स्वतःसाठीही, कारण खरं सांगितलं असतं तर यांनी विचारलं असतं, 'तू सही कशी केलीस?'

त्या रकमेत आणि शेताच्या पैशात तू लातुरात प्लॉट घेतलास. आधी चार खोल्या, मग आठ, मग अठरा. वर मोठ्या अक्षरात 'मातृपितृ छाया'. आई-बापूंचं नाव दिलंस, बरं केलंस. तिसरं नाव तुझ्या पाटीवर नाही. पायऱ्या चढताना मी दर वेळी ते शोधते, तुला माहीत आहे? दोनदाच आले, पण दोन्ही वेळा शोधलं.

आणि आता त्याचा बाप तिथं भाकऱ्या थापायला येणार. अडीच हजारांवर. ज्या भिंतींत त्याच्या लेकराचं मोल गेलंय त्या भिंतींच्या आत, चुलीपुढे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. त्याची लेक तिथंच खाली कॉटवर, मामानं फुकट दिली म्हणून मान खाली घालून. आणि वरच्या मजल्यावर तू तक्ता मांडणार, बघा, सगळ्यांचं कसं स्वस्तात बसवलं. हे सुचलं कसं रे तुला? पत्र लिहिताना एकदाही हात अडखळला नाही? तू लहान होतास तेव्हा माझ्या ताटातला गूळ चोरून खायचास आणि मग स्वतःच येऊन रडत सांगायचास. तो पोरगा मला आवडायचा. हा तक्तेवाला मला ओळखू येत नाही.

मी ठरवलंय. हे पत्र मी चिकटवत नाही. यांच्याच हातात देणार आहे. आधी वाचा, मग राजीनाम्याचं काय करायचं ते ठरवा, आणि मग वाटलं तर पोस्टात टाका. मला भीती वाटते, भुजंग. हे कधी ओरडत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. कदाचित हे चुलीत टाकतील आणि मला कधीच काही विचारणार नाहीत. मग तुला हे मिळणारच नाही आणि तू समजशील की अक्का रागावली, चार दिवसांनी येईल ताळ्यावर. मिळालं तर समज की यांना सगळं माहीत आहे.

काय करावंस ते मी सांगत नाही. आजवर मीच सांगत आले, हे कर, ते खा, थंडीत स्वेटर घाल. आता मला तो अधिकार नको. हे काय म्हणतात ते मी ऐकणार आहे.

आलोकला उन्हातान्हात सायकलवर फिरू देऊ नकोस.

तुझी अक्का,
सत्यमची आई
सिंधु

गुरुवार

भुजंगराव,

तुमच्या अक्काचं पत्र दोनदा वाचलं. काल दिवसभर रांधलं अन् वाचलं. तिला म्या काही बोललो न्हाई. तिनं एकटीनं नऊ वर्षं वाहिलं ते लई झालं.

राजीनामा दिला न्हाई. नोकरी हाय ती करतो. तुमची मेस तुम्ही बघा.

बारा तारखेला सकाळच्या गाडीनं वर्षाराणीला घेऊन येतो. कॉट नको, खोली पाहिजे. खिडकीची. दोन पोरी असतील तर त्यांना दुसरीकडं हलवा. भाड्याचं बोलू नका, ती तिच्या भावाची खोली हाय. कुलूप आमचं आम्ही आणतो.

तुमचे दाजी,
श्रीमंत